करपलेला टोस्ट

आज पुन्हा कुणीतरी ऑफिसच्या किचनमध्ये टोस्ट जाळला! ब्रिस्टलमधल्या एवढ्या शिकलेल्या इंजिनिअर मंडळींना साधा पाव भाजता येऊ नये? मी तिथे चहा करत होते. फायर अलार्म किंचाळला, करपलेला वास नाकात शिरला आणि मी तिसरीतली झाले.

समईने आईचा नायलॉनचा पदर पेटला होता. बाबा तिला गोधडीत गुंडाळत होते. मी दारात खिळलेली. तेवढ्यात गोधडीतून आई खेकसली, "बघतेस काय? गॅसवर दूध आहे, ते बघ आधी!"

मी धावले.

स्वतः पेटलेली असताना हिला दुधाची पडलीय, याचा मला कितीतरी वर्षं राग होता. आता कळतं, मी तिच्याकडे बघत राहू नये, एवढंच तिला हवं होतं.

"अगं, नुसता टोस्ट होता," अलार्ममुळे सगळे बाहेर आल्यावर कार पार्कमध्ये पल्लवी, माझी ऑफिसातली मैत्रीण, म्हणाली. "आणि हे काय आणलंयस?"

मी खाली पाहिलं. ऑफिसच्या दुधाची बाटली मी छातीशी घट्ट धरली होती.