कानबाईच्या इतवारची मॅच

माझ्या मालकांची मॅच मी एकदाही पाह्यली नाही. मैदान काही लांब नव्हतं. आमच्या खोलीमागं मिलची भिंत, भिंतीला लागून नाला, नाल्यापलीकडं मैदान. शिट्टी वाजली की चुलीपाशी ऐकू यायची. तरी नाही पाह्यली.

मी दुसरीपर्यंत शिकली. सही करता येते, बाकी नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते.

माझं लग्न झालं तवा आमची राजधानी नागपूर होती. मंग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली. तापी तिथंच राह्यली, केळी तिथंच राह्यली, पण पाट्या बदलल्या आणि ऑफिसातलं बोलणं सगळं हिंदी झालं. मिलमध्ये ग्वाल्हेरकडचे एक बडे बाबू आले. हाजरी त्यांच्याकडं, टीमचं कामही त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता. होळीला आमच्या चाळीत येऊन गुजिया वाटायचा.

आमचे हे मूळ फोपनारचे. घरची शेती, कापूस आणि थोडी केळी. जेठ, म्हणजे यांचे मोठे भाऊ, शेती पाहायचे, हे शहरात मिलमध्ये लागले. लागले म्हणजे बदली. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी बदलीवाल्याला घ्यायचे. सकाळी फाटकाशी उभं राहायचं. बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर घरी परत. बिन कामाचे परत आले की हे माझ्याशी बोलायचे नाहीत, आधी पोरीला उचलून घ्यायचे.

पण मिलच्या टीममध्ये हे गोलकीपर होते. हात लांब होते त्यांचे. लहानपणापासून केळीचे घड झेलले होते, झाडावरून तुटलेला घड खाली पडू द्यायचा नाही, डाग पडतो. लोक म्हणायचे, हा चेंडू नाही धरत, घड धरतो. मॅचला आमच्याच गावाकडचे लोक यायचे. विणकरांच्या मोहल्ल्यांची त्यांची वेगळी टीम होती, ते तिकडं जायचे. मिलच्या टीमला फोपनारचे, जसोंडीचे लोक. इतवारी बाजाराला गाडी घेऊन यायचे, बाजार आटोपला की मैदानाच्या कडेला बैल सोडून गाडीवरच बसायचे. स्टेशनवर केळी भरायला रेल्वेचा डबा लागला की कोणी यायचं नाही, सगळं गाव कापणीत. नाल्याला पूर आला की यायचं नाही. निंदणी असली तर बाप्येच यायचे, बायांच्या शिव्या खात. मी हे सगळं कानानं ऐकून सांगते. भिंतीवरून आवाज यायचा, "धर रे, फोपनारवाल्या!" मंग एकदम हसणं. म्हणजे यांनी धरला.

एका वर्षी आखाडात बाबूंनी यांना बोलावलं. मुंबईहून मिलचे मोठे साहेब येणार होते. टीम ठेवायची का मोडायची, ते पाहायला. खंडव्याची टीम येणार. मैदान भरलं दिसलं तर टीम राहील, आणि टीममधले बदलीवाले सगळे कायम होतील. रिकामं दिसलं तर टीम बंद.

बाबूंनी विचारलं, "तुम्हारे गाँववाले सावन में कौन से इतवार को खाली रहते हैं?"

यांनी घरी येऊन मला विचारलं. सणवार माझ्याच बोटावर असायचे. मी मोजलं. नागपंचमी झाली की येणारा इतवार कानबाईचा. त्या दिवशी आमच्या खानदेशी घरात देवी बसते, सोमवारी तापीत विसर्जन. घरातल्या एकेका पुरुषाच्या वाट्याचे गहू दळून त्याचे रोट करायचे, आणि ते रोट घरच्यांनीच पुनवेच्या आत संपवायचे. ते दिवस माणूस घर सोडत नाही. मंग राखी. त्याच्यानंतर पोळ्यापर्यंत जरा मोकळं. मी म्हटलं, "चौथा इतवार सांगा. निंदणी झालेली राहते, रोट संपलेले राहतात. सगळं गाव येईल."

"पक्कं?"

"मी कवा चुकली का?"

ते गेले आणि बाबूंना सांगून आले, चौथा इतवार.

आता कोणीही सांगेल माझी चूक. हिंदी लोकांचा सावन पुनव झाली की लागतो. आपला श्रावण अमावस्येनंतर. त्यांचा पंधरा दिवस आधी. मला काय हे माहीत नव्हतं? आमच्या शेजारची बाई उत्तरेकडची, तिचे सोमवार दरवर्षी माझ्या आधी सुरू व्हायचे. मी तिला हसायची, म्हणायची, बाई, तुझ्या महादेवाला लई घाई. इतकी वर्षं डोळ्यानं पाह्यलं आणि ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

फाटकावर कागद लागला तवा आठ दिवस राह्यले होते. हे घरी आले, चप्पल पायातच.

"अवं, येणाऱ्या इतवारी काय आहे?"

"कानबाई."

"मॅचबी येणाऱ्या इतवारीच."

मी म्हटलं, असं कसं, आपण तर चौथा सांगितला. हे तसेच परत गेले. बाबूंनी बोटं मोजून दाखवली. "चौथा ही तो है. गिन लो." खरंच त्यांच्या सावनचा तो चौथाच होता. साहेबांचं तिकीट झालं होतं, खंडव्याला चिठ्ठी गेली होती. बाबूबी घाबरले. म्हणाले, किसने बताया था? हे म्हणाले, मीच. माझंच मोजणं चुकलं.

माझं नाव त्यांनी तिथं घेतलं नाही. घरीही घेतलं नाही.

शुक्रवारी आम्ही फोपनारला गेलो. पारावर जाऊन हे एकेकाला म्हणाले, दुपारून दोन तास या, आरतीच्या आधी माघारी सोडतो. लोक हसले.

एक म्हातारा म्हणाला, "देवीला सांग ना रे, जरा थांब म्हणा, आमचा गडी चेंडू धरून येतो."

दुसरा म्हणाला, "मुंबईचा साहेब काय तुझा कुळदेव आहे?"

जेठ म्हणाले, "तू जा. नोकरीचा मामला आहे. पण गावाला तोंड वाकडं करून सांगू नको. वर्षातून एकदा येते ती."

कोणी चुकीचं बोललं नाही. मी त्यांच्या जागी असती तर मीबी हेच म्हटलं असतं. हे परत आले आणि ओसरीवर बसून राह्यले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गहू निवडत होत्या. त्यांनी यांच्याकडं पाह्यलं आणि म्हणाल्या, "तुझ्या वाट्याचे गहू मी घेतले आहेत. आरतीला येशील तेवढं पाह्य."

"येतो, माय."

शनिवारी सकाळी मी बाहेरची झाली. आता पोरी हे मानत नाहीत, चांगलं आहे. तवा चार दिवस बाजूला बसायचं. त्यात कानबाई, मंग तर चुलीकडं पाहायचंबी नाही. मी गोठ्याच्या कडेला पोतं टाकून बसली. आत्याबाई दुरून पाणी ठेवायला आल्या.

म्हणाल्या, "इथं बसून माश्याच मारशील. पोरीला मी पाहते. तू जा त्याच्यासंगं."

"कुठं?"

"शहरात. उद्या मॅचला जा. सगळं गाव देवीजवळ, तूच एक रिकामी. एक माणूस तरी होईल त्याचं."

मला वाटलं रागानं बोलतात. पण रागानं नव्हत्या बोलत. आत्याबाईंसारखी बाई असं बोलली, त्याच्यावर मी काय करायला पाहिजे होतं?

जेठांनी गाडीनं सोडलं. मी मागच्या बाजूला, पाय खाली सोडून. इतवारी, गावाहून बांधून आणलेलं जेवण झाल्यावर यांनी बूट बांधले. म्हणाले, "मैदानाच्या या अंगाला कडुनिंब आहे. मिलमधल्या बाया कवा कवा तिथं उभ्या राहतात. तू तिथं उभी राह्य. जवळ यायचं काम नाही."

"बरं."

"येशील ना?"

"येते म्हटलं ना. जा तुम्ही."

ते गेले. मी लुगडं बदललं. हिरवं, लग्नातलं. डोक्यावर पदर नीट घेतला, दाराला कडी घातली आणि निघाली. चाळीच्या टोकाला नळ होता. तिथं आमच्याकडच्याच दोन बाया हंडे भरत होत्या, त्यांच्या घरी देवी बसलेली. हात पिठाचे, कपाळाला हळद.

एक म्हणाली, "अवं, तू इथं? गावाला नाही गेली कानबाईला?"

मी काही बोलायच्या आत दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. "जाता आलं असतं तर गेली नसती का? रिकामी फिरते म्हणजे समज ना."

पहिली हसली. "हां! मंग हंड्यापासून लांब राह्य गं बाई. आणि एवढी नटून चालली कुठं?"

"फुटबॉल पाहायला चालली असेल. तिचा गडी उड्या मारतो ना."

दोघी हसल्या. वाईट मनानं नव्हत्या हसल्या, बायका हसतात तसं. पण मी तिथंच थिजली. माझ्या मनात आलं, कानबाईच्या दिवशी मैदानावर हिरवं लुगडं नेसून उभी असलेली बाई पाह्यली की प्रत्येक माणसाला कळेल ती काहून मोकळी आहे. साहेबाला नाही कळणार. पण हाजरीवाल्याला, कामावर घेणाऱ्या जॉबरला, फाटकावरच्या पहारेकऱ्याला, सगळ्यांना. जशी काय मी अंगावर पाटी लावून उभी राहणार. मी म्हटलं, "कुठं नाही. वारा घ्यायला निघाली होती," आणि परत फिरली.

खोलीत येऊन दाराजवळ बसली. शिट्टी वाजली. मी कान देऊन होती. "धर रे" नाही, हसणं नाही. आठ-दहा माणसं बोलावीत तेवढा आवाज, तो पण मिलमधल्यांचा. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला, एवढं शांत होतं. मंग एकदा खंडव्याच्या पोरांचा ओरडा झाला, हिंदीत. म्हणजे गोल झाला. यांच्यावर.

तवाही जाता आलं असतं. अर्धा वेळ बाकी होता. मी दोनदा उठली. दोनदा बसली.

हे आले ते गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात. मी दुरून बादली सरकवली.

"साहेब?"

"होते. मधातच चहा पिऊन गेले."

"लोक?"

"होते थोडे."

पाय धुतले. रगडून रगडून धुतले. मंग म्हणाले, "मी दोन-तीनदा निंबाखाली पाह्यलं."

मी म्हटलं, "पोट दुखत होतं लई."

"मंग पडून राह्यची ना," ते म्हणाले. आणि शेजाऱ्याची सायकल मागून घेतली, फोपनारला आरतीला गेले. पोचले का नाही, ते मला नंतर आत्याबाईंनी सांगितलं. आरती संपता संपता पोचले.

पुढच्या महिन्यात टीम मोडली. बूट आणि चेंडू स्टोअरमध्ये जमा झाले. कायम कोणी झालं नाही. एक बाई निंबाखाली उभी राह्यली म्हणून साहेबाचं मन फिरलं असतं, असं मी म्हणत नाही, मी काही खुळी नाही. टीम गेलीच असती. तारखेच्या चुकीचं मला वाईट वाटतं, पण ती चूक होती, चूक कोणाच्याही हातून होते. तिकडं ते पाहत होते आणि मी दाराजवळ बसली होती, ती चूक नव्हती. ते मी जाणूनबुजून केलं.

हे अजून बरीच वर्षं फाटकाशी उभे राह्यले. मंग आम्ही गावाला परत आलो, भावाच्या केळीत. इतवारी हे कवाच मैदानाकडं गेले नाहीत. दुसऱ्यांच्या मॅचला लोक बोलवायला यायचे, हे म्हणायचे, डबा लागला आहे, कापणी आहे. डबा लागलेला नसायचा.

म्हातारपणी एकदा जेवताना सुनेनं त्यांना हसत विचारलं, "बाबा, तुम्ही एवढे खेळायचे, आई कवा आली का पाहायला?"

मी तव्यावर भाकर टाकत होती.

हे म्हणाले, "आली होती ना. एकदा. हिरवं लुगडं नेसून निंबाखाली उभी होती."

हिरव्या लुगड्याचं त्यांना कोणी सांगितलं, मला माहीत नाही. नळावरच्या बायांनी सांगितलं असेल. म्हणजे मी निघाली होती आणि परत फिरली, हे त्यांना तेवढी सगळी वर्षं माहीत होतं. पोटदुखीचं खोटंही माहीत होतं. सून म्हणाली, "हो का, आई?" आणि माझ्याकडं पाह्यलं. तवा सांगायला पाहिजे होतं मी. ते समोर बसले होते. मी भाकर उलटवली आणि म्हटलं, "हो."