मास्तरांची दुरुस्ती

मास्तरांचा आवाज काढायचा तर आधी घसा खाकरायचा, मग नाकातून हसायचं आणि मग म्हणायचं, "घे गं, घे. तपासलंय मी." एकदा मी तो इतका हुबेहूब काढला की आत्या स्वयंपाकघरातून "हो मास्तर" म्हणत बाहेर आली.

आत्याचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. नव्या कर्नलमध्ये सतत दुरुस्त्या होत असतात. त्यातल्या कोणत्या जुन्या, स्थिर कर्नलमध्ये आणायच्या ते आत्या ठरवते. दुरुस्ती छोटी हवी, लोकांचा खरा त्रास मिटवणारी हवी आणि तिने नवं दुखणं आणता कामा नये. हे सगळं तिला बोट धरून शिकवलं मास्तरांनी. म्हणून त्यांनी लिहिलेली दुरुस्ती आली की ती डोळे झाकून घ्यायची.

या वेळची दुरुस्ती तर घरच्याच दुखण्यावर होती. बाबांचा छापखाना आहे. फाइली सगळ्या एका सर्व्हरवर, आणि दोन जुने कॉम्प्युटर त्या तिथूनच उघडतात. नेटवर्क क्षणभर गेलं की, परत आलं तरी दोघेही ढिम्म. मग बाबा, हात कमरेवर, "बहीण जगाचे कॉम्प्युटर सांभाळते, आणि भावाच्या घरी बोंब!"

मास्तरांच्या दुरुस्तीने सर्व्हरशी तुटलेला धागा आपोआप जुळणार होता.

"जुन्या कर्नलवर चालेल ना?" आत्याने फोनवर विचारलं.

"घे गं, घे. तपासलंय मी."

मंजुरी पाठवण्याआधी आत्याने बाबांच्या हट्टाखातर ती छापखान्यात बसवली. वायर उपटली, परत खोचली. काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू. बाबांनी टाळ्या पिटल्या. "शेवटी बहीण कोणाची!"

काही दिवसांनी एक गिऱ्हाईक सुट्या भागांचं माहितीपुस्तक टेबलावर आपटत आलं. मधली पानं गायब, एका तक्त्याचं नुसतं डोकं. आणि कॉम्प्युटरने चूक झाल्याचं अक्षरही दाखवलं नव्हतं.

आत्या दुपारभर तिथेच बसून राहिली, तेव्हा उलगडलं. फाइल उघडली की कॉम्प्युटर तिला कुलूप लावतो, दुसऱ्याने त्याच वेळी त्यात लिहू नये म्हणून. नव्या कर्नलमध्ये धागा जुळला की कुलूपही पुन्हा लागतं. जुन्यात धागा जुळायचा, कुलूप मात्र उघडंच. दोघे बसले होते एकमेकांचं लिहिलेलं पुसत.

तिने फोन स्पीकरवर टाकला. "मास्तर, दोन कॉम्प्युटर, एकच फाइल, असं करून पाहिलं होतंत?"

खाकरणं आलं. नाकातलं हसू आलं नाही. "अगं, ते... कुणीतरी कळवलं होतं मागे. एखाद्याचीच तक्रार होती."

"कळवलं होतं? मग मला का नाही सांगितलंत?"

"तू घेतली नसतीस."

"नसतीच घेतली."

"मग? इतक्या वर्षांत माझं एक काम सगळीकडे पोचणार होतं. तुझ्यावर भरवसा होता गं."

"माझ्यावर, की माझ्या डोळे झाकण्यावर?"

संध्याकाळी तिने सगळ्यांना दिसेल असा नकार लिहिला. जुन्या कर्नलवर या दुरुस्तीने मजकूर नाहीसा होतो, घेऊ नये. पुढे लिहिलं, लेखकाला हे ठाऊक होतं. ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं. मास्तरांचं उत्तर लगेच, तेही चारचौघांत: जिला चालायला शिकवलं, तिनेच तंगडी ओढली.

छापखान्यातूनही तिने ती दुरुस्ती काढून टाकली.

"म्हणजे आमचं पुन्हा ढिम्म?" बाबा तडकले. "परक्याने दगा दिला तर समजू शकतो. तू सख्खी!"

"ढिम्म झालं की तुला कळतं तरी, दादा. पानं गेली ते गिऱ्हाइकाने येऊन सांगितलं."

बाबांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, जरा जास्तच जोरात.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर. मी सवयीने घसा खाकरला.

"तो आवाज नको," आत्या म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

"मग बाबांचा काढू?"

ती हसली नाही. "काढ."

मी कमरेवर हात ठेवले. फोन वाजतच होता.