बादलीतली बिअर आणि सासूबाईंचे फुगे

मी पहिली बिअर नवऱ्यासाठी बनवली, असं तो आजही लोकांना सांगतो. साफ खोटं. इथे आखातात, सीबमधल्या आमच्या बिल्डिंगमधली एक गोरी शेजारीण कायमची घरी परत निघाली आणि जाताना झाकणाची मोठी बादली आणि माल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा माझ्या गळ्यात मारून गेली. डब्यात काकवीसारखा दाट, काळसर पाक. सोबत यीस्टची पुडी. "पाक पाण्यात उकळ, थंड कर, यीस्ट टाक, झाकण लाव आणि मग अजिबात उघडू नकोस," असं तिने बजावलं. घरी बिअर बनवणं इथल्या कायद्यात बसतं का, ते आम्ही कुणाला विचारलं नाही.

त्याच सुमारास वसईहून सासूबाई आल्या होत्या, आमच्याकडचा पहिला नाताळ करायला. पण एक दिवस जेवताना त्यांनी मुलाला फर्मावलं, "माझं नाताळाआधीचं तिकीट काढ."

"का गो आई?"

"फुग्यांना ताडी लागते. इथं कुठली ताडी? बाजारच्या यीस्टने पाव होतो, फुगे नाय. आणि फुगे नाय तर मी इथं बसून करू काय?"

मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं पीठ ताडीने आंबवायचं आणि मुठीतून पिळून तेलात सोडायचं, हे फुगे म्हणजे आमच्या वसईतला नाताळ. त्यांच्या हातच्या फुग्यांसाठी सगळी आळी यायची. इथे त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण त्या आल्यापासून माझी मुलगी मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलू लागली होती. "आजी, माझा पोट भूक लागला," म्हणत ती त्यांच्यामागे फिरायची. त्या गेलेल्या मला अजिबात चालणार नव्हत्या, पण हे तोंडावर सांगायला मला जमेना.

शुक्रवारी सुट्टी होती. मी पाक उकळला, थंड केला, यीस्ट टाकली आणि झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी बादली बुडुकबुडुक करू लागली, तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून येते तर झाकण उघडं!

"कुणी उघडलं हे?"

"मी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ताडीकडे रोज बघावं लागतं."

"अहो आई, ती ताडी नाही! बिअर आहे! हवा लागली की नासते!"

"आधी वास घे, मग ओरड."

मी वाकले. आंबट-गोड, थेट पहाटेच्या ताडीसारखा वास. तेवढ्यात माझं लक्ष ओट्यावर गेलं. माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्यावर फडकं होतं आणि आतल्या फुगलेल्या पिठाने ते वर उचललं होतं. बाईंनी बादलीतला फेस डावाने काढून मैद्यात घातला होता. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले आणि त्या चक्क गुणगुणत होत्या.

"खलास, गेली तुझी बिअर," नवरा दारातून म्हणाला. मी त्याला तेल तापवायला लावलं.

फुगे तेलात पडले, गरगरले आणि टम्म फुगले. सासूबाईंनी एक फोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. किती वेळ चावत होत्या कोण जाणे. मी झारा धरून उभी.

"कडू हाय जरा," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला. बिअरचा कडवटपणा त्या पाकातच असतो, त्याला मी काय करणार? तिकीट निघालंच, असं मी मनात धरलं.

"नाताळाला साखर वाढवू," त्या पुढचा घाणा सोडत म्हणाल्या. "आणि नारळ दोन आण. शेजारीपाजारी द्यायला नको?"

मला इतका आनंद झाला की झारा हातात तसाच ठेवून मी त्यांना मिठी मारली. "अगो तेल! तेल!" त्या ओरडल्या, पण मला दूर काही केलं नाही.