कोंबडीचे दात पाहायला झरीकडे

मालूताई, गुडघा कसा आहे? जिना अजून कठड्याला धरूनच चढता का? विनायकराव, साखर आटोक्यात आली, की चोरून पेढा चालूच? सुधाकर, नातवाचा ताप उतरला का? आणि रामधन, तुझा खोकला? तुला शेवटी विचारलं, कारण आजचं लिखाण तुझ्यापाशीच येऊन थांबणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रामधन झरी जामणीकडच्या एका तांड्यावरचा. वर्षानुवर्षं तो घाटंजीच्या बाजारात कोंबड्या आणायचा आणि माझ्या सायकलच्या दुकानापुढे बसायचा. मला मास्तर म्हणायचा. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं रद्दीच्या कागदांनी शिकवलं. त्याची चौथी. उन्हाळ्यात मी इथे, या ब्लॉगवर, लिहिलं होतं, की फार पुराण्या काळी पक्ष्यांना दात होते, दगडांत तसे सांगाडे सापडलेत; मग दात गेले आणि नुसती चोच राहिली. त्याखाली रामधनने नातीकडून लिहवून घेतलं, ‘कोंबडीचे दात गेले नाही मास्तर, पोटात हायेत.’ मी उत्तर टाकलं, ‘अंडी विकणं वेगळं, वाचणं वेगळं.’ तुम्ही सगळे हसलात. तेव्हापासून रामधन गप्प. फोनही उचलत नाही.

सौ. गेल्यापासून माझ्या घरात दोनच आवाज, पंख्याचा आणि माझा. बाजाराच्या दिवशी रामधनचा फोन यायचा, तो तिसरा. तो बंद पडला तेव्हा ठरवलं, आपणच जायचं. खरं सांगतो, माफी मागायला नव्हतो निघालो. चीनमध्ये दगडात सापडलेल्या पक्ष्याचं चित्र रंगीत छापून घेतलं होतं. पसरलेले पंख, जबड्यात बारीक दात. ते दाखवायचं, तो ‘हाव मास्तर’ म्हणत मान डोलवेल आणि वाद मिटेल.

सकाळच्या एसटीने पांढरकवडा गाठलं. पंच्याहत्तरीपुढे तिकीट लागत नाही, पण आधार कार्ड जवळ ठेवा. मी पिशवीत शोधत होतो तर कंडक्टर खोळंबला.

‘तोंडात एक दात नाही, दिसत नाही का तुले?’ मी म्हटलं.

‘दात तं आमच्या मामीलेबी नाही, बाबा. ते अजून पन्नासचीच सांगते.’

स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री झणझणीत, पण चणे ताटलीच्या कडेला सारावे लागले. दात होते तेव्हा चणे नव्हते, ती म्हण माझ्यासाठीच केलेली. कवळी आहे, पण डबीतच असते. एकट्याच्या जेवणाला कशाला लावायची?

पुढे काळीपिवळी जीप. माणशी पन्नास रुपये, आणि माणसं भरेपर्यंत हलत नाही. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मग सागाचं रान. रस्ता अर्धा चांगला, अर्धा कंबर मोजणारा. बसल्या बसल्या वाचलेलं आठवत होतो. दात का गेले यावर जाणत्यांचंही एकमत नाही. काही म्हणतात, अंड्यात दात घडायला दिवस लागतात, दात सोडले म्हणून पिल्लं लवकर बाहेर पडू लागली. कोणाचं म्हणणं आणखी वेगळं. रामधनला हे कसं समजवायचं, याची मी तयारी करत होतो.

तांड्यावर पोचलो तेव्हा शेवंतावहिनी, रामधनची बायको, अंगणात कोंबडी साफ करत होती.

‘भाऊजी, ते तं वावरात गेले. यायले संध्याकाळ होते.’

खाटेवर त्याचा चष्मा होता. तुटलेली काडी मीच सायकलच्या स्पोकचा तुकडा लावून जोडून दिली होती. चष्म्याशिवाय रामधनला बांधावरची म्हैस दिसत नाही. 

वहिनीने कोंबडीचा पेटा, म्हणजे दाणा दळणारी पोटातली जाड पिशवी, चिरला, पाण्यात धुतला आणि आतले खडे माझ्या तळहातावर ठेवले. पांढरे, झिजून गुळगुळीत झालेले.

‘हे घ्या, तुमच्या दोस्ताचे दात. दाना गिळते अन् यानं दळते. झिजले का नवीन उचलते. तुमच्यावानी कवळी नाही करा लागत.’

‘रामधन हेच सांगत होता?’

‘मंग काय? अन् तुम्ही लोकाइले त्याच्यावर हसाले लावले. चार दिवस धड जेवला नाही मानूस. म्हने, मास्तर लोकाइत आपलं काय काम.’

आत कोणीतरी खोकलं.

‘मांजर हाय,’ वहिनी कोंबडी धूत म्हणाली.

‘मांजराले अडुळसा द्या, वहिनी.’

रश्श्यात भाकर कुस्करून जेवलो. पेटा काही चावला नाही, तसाच गिळला. माझ्या पोटात कुठे गोटे आहेत? हाक ओठांपर्यंत आली होती. पण हसं चारचौघांत केलं होतं. माफी भिंतीआडून कशी मागायची? चित्र चष्म्याखाली ठेवलं, तीन खडे मागून घेतले आणि निघालो. तिकडे जाणार असाल तर परतीला चारच्या आत निघा, नंतरच्या गाडीचा भरवसा नाही.

खडे आता कवळीच्या डबीशेजारी आहेत. आज बाजाराचा दिवस. फोन वाजला नाही.

रामधन, तोंडातले दात गेले हे खरं, आणि पोटात आहेत हेही खरं. मी कागदावर वाचलं, तू हाताने धुतलंस. हसलेले सगळे इथेच आहेत, त्यांच्यासमोर म्हणतो: हाव, रामधन. माझं चुकलं.

मांजराचा खोकला कसा आहे, तेवढं नातीकडून लवकर लिहव.