दोन जोड पिस्टन आणि गोठलेल्या तळ्यापलीकडचं घर

"पल्लवी, स्नोमोबिलचं इंजिन जाम झालं. भर तळ्यात. आई मागे बसली होती."

मंदारदादाच्या या फोनमुळे आमची फेब्रुवारीतली ट्रिप ठरली. एरवी त्या महिन्यात मिशिगनमध्ये आणखी उत्तरेला जायचं माझ्या मनातही आलं नसतं.

मंदारदादा माझा चुलत भाऊ. मिशिगनच्या वरच्या भागाला इथे सगळे 'यू.पी.' म्हणतात (आपल्या यू.पी.शी काही संबंध नाही!). तिथल्या जंगलात, एका तळ्याकाठी तो आणि कॅरनवहिनी राहतात. हिवाळ्यात त्यांच्या घरापर्यंतच्या रस्त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही. गाडी तळ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लावायची आणि गोठलेल्या तळ्यावरून स्नोमोबिलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीने, घर गाठायचं. त्या हिवाळ्यात काकू, म्हणजे दादाची आई, पुण्याहून त्यांच्याकडे आली होती. मधे तिच्या छातीत दुखलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सोमवारी हार्टची तपासणी ठेवली होती. आता इंजिन बंद, सगळ्यात जवळचे शेजारी थंडीभर फ्लोरिडात, आणि काकूला बर्फातून तळं पार करायला लावायची दादाची हिंमत नव्हती. त्या दिवशी तळ्याच्या मध्यापासून घरापर्यंत ती त्याचा हात धरून कशीबशी चालली होती.

"नवे पिस्टन लागणार," दादा म्हणाला. "फोर्ज्ड आण. रेसिंगवाले तेच वापरतात."

मी मिशिगनच्याच दक्षिणेला, ट्रॉयमध्ये, इंजिनांच्या टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे नातेवाइकांत मला मेकॅनिक समजतात. पण आमची इंजिनं गाड्यांची, फोर-स्ट्रोक. स्नोमोबिलचं टू-स्ट्रोक, आणि त्याच्याशी माझा संबंध बाबांच्या जुन्या स्कूटरपुरता. तरी एवढं कळत होतं, की सिलिंडर मोजल्याशिवाय पिस्टन ठरवता येत नाही. दादाकडे मोजायचं साधन नव्हतं. मग ऑफिसात विचारून मी मापाचे गेज घेतले आणि दुकानातून दोन जोड उचलले: एक कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेले, आणि एक फोर्ज्ड, म्हणजे दाब देऊन घडवलेले. न वापरलेला जोड परत घ्यायला दुकानदार तयार होता. माझा नवरा समीर आयटीवाला. तो म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो, तू पिस्टनचं बघ."

शुक्रवारी सकाळी निघालो. ट्रॉयहून आय-७५ हायवे धरला की सरळ उत्तरेला, चुकायला जागाच नाही. बे सिटीपर्यंत रस्ता कोरडा होता, पुढे झाडं वाढत गेली आणि घरं कमी होत गेली. गेलॉर्डला बर्फ सुरू झाला. हिवाळ्यात जाणार असाल तर टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, आणि गाडीत ब्लँकेट, फावडं, खायला काहीतरी ठेवाच.

मॅकिनॉचा पूल आला तेव्हा वारा इतका होता की ट्रक बाजूला थांबवून ठेवले होते. आम्हाला सावकाश सोडलं. पुलाच्या आतल्या लेनमध्ये डांबराऐवजी लोखंडी जाळी आहे. तिच्यावरून जाताना टायर गुणगुणतात आणि खाली थेट पाणी दिसतं. भीती वाटत असेल तर बाहेरची लेन धरा. समीरने आतली धरली आणि पूल संपेपर्यंत स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

पलीकडे सेंट इग्नेसला पेट्रोल भरून पेस्टी घेतली. पेस्टी म्हणजे बटाटा-मांस भरलेली करंजीच, पण तळहातापेक्षा मोठी. शाकाहारी हवी असेल तर विचारा, बहुतेक मिळते. बरोबर लोणचं न्या, माझं ऐका. पुढे यू.एस. दोन हा हायवे. डावीकडे गोठलेलं लेक मिशिगन, उजवीकडे जंगल. तासाभरात मोबाइलची रेंजही गेली.

दादा बुटांखाली स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बांधायच्या रुंद जाळ्या, घालून रस्त्यावर उभा होता. सामान प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर बांधून आम्ही तळं चालत पार केलं. मधेच त्याने हात केला. "इथे बंद पडलं."

चारी बाजूंना फक्त पांढरं. वारा कानात शिरत होता. इथून काकू चालत गेली होती.

काकू मात्र दारात हसतमुख उभी होती. मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "पल्लू, तुझ्या भावाला सांग, मी त्या यंत्रावर परत बसणार नाही. आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळेपर्यंत वाट बघायला लागली तरी चालेल, मला काहीएक झालेलं नाही."

दादा आमचं सामान आत न्यायला लागला. रात्रभर जागल्यासारखे डोळे झाले होते त्याचे.

शनिवारी शेडमध्ये लाकडाची शेगडी पेटवून काम सुरू केलं. इंजिन दोन सिलिंडरचं. एक पिस्टन ठीक होता. दुसऱ्याची एक बाजू खरवडून गेली होती, आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चंदेरी पट्ट्यांसारखं चिकटलं होतं. आतला कडक थर उडाला असेल तर सिलिंडरच गेला आणि सोमवारही गेला. दादाने हातमोजे-चष्मा चढवून बाहेर मोकळ्या हवेत ॲसिडने ते ॲल्युमिनियम हळूहळू विरघळवलं, मग सिलिंडर नीट धुतला. मी टॉर्च मारला. खाली थर अखंड! गेज लावून वर, मधे, खाली, आडवं-उभं मोजलं. मूळ मापच.

"मग फोर्ज्ड बसवू," दादा म्हणाला.

कॅरनवहिनीही शेडमध्ये होती, तिला कळावं म्हणून मी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, "सकाळी इंजिन चालू करून तू किती वेळ थांबतोस?"

"हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत," कॅरनवहिनीने परस्पर उत्तर दिलं.

मुद्दा तोच होता. फोर्ज्ड पिस्टन मजबूत खरा, पण तापला की जास्त फुगतो. म्हणून तो थोडा सैल बसवतात, आणि इंजिन नीट तापेपर्यंत धीर धरावा लागतो. कडाक्याच्या थंडीत घाईने पळवलं तर पिस्टन फुगतो, सिलिंडर थंडच राहतो, आणि पिस्टन आत अडकतो. कास्ट कमी फुगतो, जवळच्या मापात बसतो. शर्यतीला तो कमी पडेल, पण किराणा आणि आईला आणायला पुरेसा आहे.

"आणि परत तुटला तर?"

"तुटला नव्हताच, दादा. तापून जाम झाला. का तापला ते कळेपर्यंत मी कुठलाच पिस्टन आत घालणार नाही."

त्याला ते आवडलं नाही. सोमवार डोक्यावर होता. पण एकच सिलिंडर तापला, म्हणजे दोष त्याच बाजूला असणार. त्या बाजूचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला तर स्वच्छ. दुपार होत आली. काकू शाल गुंडाळून चहा घेऊन आली आणि माझ्या बाजूला स्टुलावर टेकली.

"हल्ली ते फार ओरडायचं," ती म्हणाली. "दारात येऊन थांबलं तरी ओरडतच राहायचं. मला वाटायचं मंदार मुद्दाम करतोय."

"ॲक्सिलरेटर सोडल्यावरही?"

"मला काय माहीत? उतरून आत आला तरी चालूच असायचं, मग हळूहळू शांत व्हायचं."

हे लक्षण हवा चोरून आत शिरण्याचं. मी कार्बोरेटर आणि इंजिनमधला जाड रबरी जोड काढून वाकवला. खालच्या बाजूला, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही, एक चीर तोंड उघडून उभी राहिली. तिथून जास्तीची हवा जात होती, पेट्रोल कमी पडत होतं, आणि पिस्टन भाजत होता. नवे फोर्ज्ड पिस्टनही तसेच भाजले असते.

दादाने ती चीर बघितली आणि खालीच बसला. "म्हणजे मी काही चुकीचं चालवत नव्हतो?"

"नाही रे."

तीन दिवस त्याच्या छातीवर काय बसलं होतं ते तेव्हा मला कळलं.

समीर आणि वहिनी तळं ओलांडून गावात गेले आणि दुकान बंद व्हायच्या आत नवा रबरी जोड घेऊन आले. दोन्ही सिलिंडरना कास्ट पिस्टन बसवले, एकच नवा आणि एक जुना असं केलं नाही. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगची फट मोजून, आणि पिस्टनची पिन धरणारी छोटी क्लिप खाली पडू नये म्हणून इंजिनच्या तोंडाशी फडकं कोंबून.

रविवारी सकाळी दादाने स्टार्टरची दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला निळसर धूर निघाला आणि इंजिन बोलू लागलं. मी कान लावून होते. दादाने ॲक्सिलरेटर सोडला, आवाज लगेच खाली आला. तापवलं, थंड केलं, पुन्हा तापवलं. मग तो आणि मी तळ्यावर गेलो. ती जागा आली तसे त्याचे खांदे ताठ झाले. जागा मागे पडली, इंजिन चालत राहिलं, आणि हेल्मेटच्या आत तो जोरजोरात काहीतरी ओरडला. शब्द कळले नाहीत.

काकू खिडकीतून बघत होती. "चांगलं चाललं," एवढंच म्हणाली. बसायचं नाव काढलं नाही. त्याच दुपारी आम्हाला परतायचंच होतं. पूल शांत होता, बर्फ नाही, वारा नाही, तरी सगळा रस्ता माझं लक्ष सोमवारकडे.

सोमवारी संध्याकाळी ट्रॉयला फोन वाजला. काकूच होती.

"हार्ट ठणठणीत आहे म्हणाले. गॅस झाला होता म्हणे. एवढा खटाटोप गॅससाठी!"

"आणि गेलीस कशी?"

"मागे बसायला भीती वाटते गं मला, काही दिसत नाही. म्हणून मी पुढे बसले. मंदार मागे बसला, मला धरून. ते अंगठ्याने दाबायचं असतं ना, ते मीच दाबलं."

मागून दादाचं हसणं ऐकू येत होतं. कितीतरी दिवसांनी.

या ट्रिपचे फोटो फारसे नाहीत. पण कोणी विचारलं, यू.पी.ला हिवाळ्यात जावं का, तर जा. आपलं माणूस तिथे असेल तर नक्की जा. मी फोन ठेवला, समीरला सांगितलं, आणि आम्ही दोघं जेवण गरम करायचं विसरून बराच वेळ स्वयंपाकघरातच हसत उभे राहिलो.