भुताने नवऱ्याला काय म्हणावे

नातवंडांनो, मी भुताच्या गोष्टी लिहिते हे तुम्हांला तुमच्या बाबाने सांगितले असेलच, बहुधा हसून. माझे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले, पण भीती वाटते ती मराठीतूनच. असे का होते हे मला अजून नीट कळलेले नाही.

पूर्वी माझ्या कथा दिवाळी अंकांत येत. तुमचा बाबा कंपनीतर्फे परदेशी गेला त्या सुमारास ते अंक एकेक करून बंद पडू लागले. मग आम्ही भयकथा लिहिणारे-वाचणारे दहा-बारा जण महिन्यातून एकदा कसबा पेठेत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमू लागलो. आमच्यातल्या निवृत्त हेडमास्तरांनी दारावर पाटी लावली : ‘घाबरायचे असल्यास पाचच्या आत यावे.’ हळूहळू आयटीतली मुलेमुलीही येऊ लागली. तीही बहुतेक पाचच्या आत.

त्यांच्यातूनच वारज्याच्या एका तरुणाशी ओळख झाली. नोकरी सोडून तो मराठी ई-पुस्तके काढत होता. त्याने माझी सर्वांत जुनी कथा निवडली. तिच्यात बायकोचे तेरावे झाल्यावर नवरा पहिल्यांदाच स्वतःसाठी चहा करायला उभा राहतो आणि पाठीमागून आवाज येतो, “अहो, साखर खालच्या डब्यात आहे.” कथा तिथेच संपते.

तपासायला आलेली प्रत मी फोनवर उघडली. शेवटचे वाक्य होते, “अरे, साखर खालच्या डब्यात आहे.”

मी लगेच त्याला फोन लावला.

“आजी, आता अहो कोण म्हणतं? माझे वाचक पंचविशी-तिशीतले. त्यांना ते सीरियलमधलं वाटेल. हसतील.”

“पण भुताला हसले तर कथा संपलीच,” मी म्हणाले.

“म्हणूनच तर बदललं ना!”

सगळी कथा त्या एका शब्दावर उभी होती. छापणारे कोणी उरले नव्हते, आणि इथेही लोक हसले तर तिला दुसरीकडे कुठे नेणार? मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. म्हटले, माणसांवरच करून पाहू.

पुढच्या बैठकीला मी दोन्ही शेवट वाचले. आधी ‘अरे’. सगळे शांत होते, पण ती कंटाळ्याची शांतता होती. एकाने फोन काढून पाहिला. मग ‘अहो’. माझ्या वयाच्या दोघीजणी खुर्चीत सावरून बसल्या, पण मागच्या रांगेतली दोन मुले फिसकन हसली.

“हसा, हसा,” हेडमास्तर म्हणाले. “तुमच्याकडे भूतसुद्धा आधी मेसेज टाकून येत असेल.”

वाघोलीहून येणारी एक मुलगी मात्र हसली नव्हती. मूळची विदर्भातली, नवरा-बायको दोघेही कंपनीत. ती म्हणाली, “आजी, मी नवऱ्याला नावानंच हाक मारते. उद्या मी गेले, आणि किचनमधून त्याला कोणी ‘अहो’ म्हटलं, तर ती मी नसणार ना?” तिनेच पुढे विचारले, “मग कोण असेल?”

मागच्या रांगेतली ती दोन मुले खुर्च्या ओढून पुढे आली.

इतकी वर्षे मी समजत होते की त्या शब्दाची भीती वाटते, कारण हाक मारणारी तीच असते, दुसरी कोणी असूच शकत नाही. या मुलांना भीती वाटली, कारण ती ‘ती’ नव्हती. घरी आल्यावर मी वहीत दोन्ही कारणे शेजारी-शेजारी लिहिली आणि बराच वेळ पाहत बसले. यांतले मी लिहिलेले नेमके कोणते, हेही मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला सगळे सांगितले. तो म्हणाला, “अहोच ठेवतो. पण आजी, प्रस्तावनेत यातलं काही लिहू नका हं. ज्याला जसं कळायचं तसं कळू दे.”

मी लिहिले नाही. कथा तशीच आली. वाचणाऱ्यांचे चेहरे आता मला दिसत नाहीत, त्यामुळे कोण कोणत्या बाजूने घाबरले ते कळत नाही. तुमची आई तुमच्या बाबाला घरात काय हाक मारते, हे मी इतक्या वर्षांत कधी लक्ष देऊन ऐकलेले नाही. तेवढे मात्र मला कळवा.