परमुलखातल्या नऊ पेट्या

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पुढे बापाने शाळेतून काढलं आणि सुताराच्या हाताखाली घातलं. लाकूडकाम करता करता मी बाजाच्या पेटीकडे वळलो. भजनाची, दशावताराची पेटी बिघडली की मसुऱ्यापासून कुडाळपर्यंतची माणसं माझ्याकडे येत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते या कामापायी झालं म्हणून सांगतो. बायको जाऊन आठ महिने झाले. आता लपवायचं तरी कोणापासून?

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या गावचा एकजण आफ्रिकेत, नैरोबीला रेल्वेत कारकून होता. गणपतीला रजेवर आला होता. मी भात्याला कातडं चिकटवत होतो, तो ओसरीवर बघत बसला. म्हणाला, "आमच्या थंय मराठी पोरांची शाळा आसा. नऊ पेटी नुसती पडान आसत. दुरुस्त करणारो कोणच नाय. बोटीचो खर्च आमी करतलो. मजुरी मातर मिळाची नाय."

बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "घराची कौलां परतूक तुमका येळ नाय, आणि समुद्रापलीकडे फुकट काम करूक चललास!" आणि हसली.

मी मात्र 'शाळा' या शब्दात अडकलो होतो. ज्या दारातून मला बाहेर काढलं, तिथूनच कोणी हाक मारतंय असं वाटलं.

ती तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती. आधीचे दोन गर्भ गेले होते. दुसरा तर माहेरी जाताना होडीतच. तिचं माहेर जामसंड्याला, वाटेत दोन खाड्या. तिथे जवळ डॉक्टर होता, आमच्याकडे फक्त म्हातारी सुईण. म्हणून तिने एकच मागितलं. "सातव्यात तुमी येवन माका न्हेवा. दुसऱ्या कोणाबरोबर मी होडीत बसाची नाय."

"येतलंय गो," मी म्हटलं.

दिवाळी झाल्यावर निघालो. सोबत हत्यारं आणि घरच्या फणसाच्या फळ्या. नैरोबीची पोरं पहिल्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागली. तिसरी शिकलेल्या माणसाला! मी दोन महिने मान वर न करता काम केलं. पोकळ झालेलं लाकूड काढून फणसाचं घातलं, भाते नवे केले, सूर घासून लावले. नऊच्या नऊ पेट्या बोलायला लागल्या. माझी बोट आठवड्यावर आली होती.

शाळेचा कार्यक्रम होता. पोरांनी भाते हलवले आणि पेट्यांतून आवाजाऐवजी वाराच सुटला. दमेकऱ्याच्या छातीसारखा. एक मुलगी पेटीवर डोकं ठेवून रडायला लागली.

कार्यक्रमानंतर पेट्या उघडल्या तेव्हा कळलं. आमच्याकडे पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. म्हणून आमचा कारागीर सांध्यात आणि पट्ट्यांत जरा जागा सोडतो. मी तिथेही सोडली. तिथली हवा थंड आणि कोरडी ठाक. माझ्या ओलसर फळ्या फुगायच्या सोडून आक्रसल्या, प्रत्येक सांध्याला फट पडली. गावात वीस वर्षं जे बरोबर होतं तेच तिथे चुकलं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. "मास्तर, तुम्ही गेल्यावर हे कोण नीट करणार?"

बोट सुटली. मी गेलो नाही.

कारकून भला माणूस. मला लिहिणं धड येत नसे, पत्रं तोच लिहून द्यायचा. दोनदा म्हणाला, "घराक दोन ओळी धाडूया. मेवण्याक सांगा, तिका न्हेवक." मी म्हटलं, पुढच्या बोटीने जातोच आहे, पत्र थोडंच माझ्याआधी पोचणार! खरी गोष्ट अशी की लाज वाटली. काय लिहायचं? मास्तरचं काम बिघडलं म्हणून? तिथलंच वाळलेलं लाकूड आणून पुन्हा सगळं केलं. दुसरी बोटही गेली. तिसरीने निघालो तेव्हा नऊ पेट्या चोख वाजत होत्या.

घरी पोचलो तेव्हा शिमगा होऊन गेला होता. ती चुलीपुढे बसली होती. पोट सपाट. आठव्यातच कळा आल्या. मुलगा झाला आणि दोन दिवसांनी गेला. सातव्यात तिचा भाऊ न्यायला आला होता. तिने त्याला माघारी पाठवलं होतं, माझ्या शब्दावर.

"बोट चुकली," मी म्हटलं.

भाऊ नंतर भांडायला आला. "बायल मराक टेकली हुती, आणि तू थंय लोकांची पेटी वाजयत बसलंस!"

तीच उठली. "बोट चुकली तर त्येंनी पवत येवचा? दर्यो काय तुझ्या परसातली बाव आसा?"

भावाशी तिने वर्षभर अबोला धरला. पुढे मूल झालं नाही. कोणी विचारलं तर ती माझ्या वतीने सांगायची, बोट चुकली. इतकी वर्षं. मी ऐकत बसायचो.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मला वाटलं, आता सांगावं. एका सकाळी पेज भरवताना सांगून टाकलं. "तेव्हा बोट चुकली नव्हती गो. मीच चढलंय नाय."

तिने पेजेची वाटी बाजूला सारली. म्हणाली, "मगे मी भावाक माघारी धाडलंय, ता कित्याक?"

तिने तोंड भिंतीकडे केलं.

लोक म्हणतात खरं बोलल्याने मन हलकं होतं. माझं झालंही असेल. पण ते ओझं मी मरणाऱ्या बाईच्या उरावर नेऊन ठेवलं. तिच्याजवळ भावापुढे ताठ उभं राहिल्याचा एक मान होता, तोही काढून घेतला. सांगायला नको होतं.

ती आणखी चार दिवस होती. पेज घेतली ती शेजारणीच्या हातून. चौथ्या दिवशी मी उशाशी बसलो होतो, तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलली, "त्येचे कान तुमचेच होते."

त्या मुलाबद्दल तिने मला आधी कधी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता विचारायला लागलो. रंग कसा होता, रडला का, दूध प्यायला का. तिचं तोंड भिंतीकडेच राहिलं.